लेकरू गाणं ऐकतं तेव्हा नेमकं काय होतं? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

लहान मुलं आणि संगीत या विषयावर प्रश्न मागवले, तेव्हा निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच निघाला: कुठलं गाणं लावावं म्हणजे लेकरू हुशार होईल? त्या सगळ्यांचं उत्तर पहिल्याच प्रश्नात आलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रं थोडी आखूड केली आहेत. उत्तरं श्रवणतज्ज्ञ आणि लहान मुलांना गाणं शिकवणारे शिक्षक यांनी मिळून दिली आहेत.

सातवा महिना चालू आहे. जाऊबाईंनी मोबाइलवर गर्भसंस्काराचं अॅप टाकून दिलंय. रोज अर्धा तास पोटावर हेडफोन ठेवून संगीत लावायचं, त्यानं बाळाची बुद्धी वाढते म्हणे. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा तू हरिपाठ म्हण. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, परतूर (जि. जालना)

सासूबाईंचं. हेडफोन बाजूला ठेवा.

बाळाचा आतला कान साधारण २४-२५व्या आठवड्यापासून काम करू लागतो. २८व्या आठवड्याच्या आसपास बहुतेक बाळं आवाजाला नेमाने प्रतिसाद देतात. तेव्हा तुमचं बाळ ऐकतंय यात शंका नाही. पण पोटाची भिंत आणि गर्भजल पार करून साधारण ५०० हर्ट्झच्या खालचे, म्हणजे खर्जाकडचे आवाजच नीट आत जातात, वरचे मंदावतात. शब्दांतली व्यंजनं जवळपास पुसली जातात, उरते ती चाल, बोलण्यातला चढउतार आणि ठेका. यात आईच्या आवाजाची गोष्ट वेगळी. तो हवेतून जातो तसाच तिच्या हाडामांसातूनही जातो, म्हणून आत तोच सगळ्यांत ठळक. जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच बाळ आईचा आवाज दुसऱ्या बाईच्या आवाजापेक्षा पसंत करतं, हे १९८० साली प्रयोगातून दिसलं आहे.

पोटातलं ऐकलेलं लक्षात राहतं का? राहतं. फिनलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेवटच्या तिमाहीत काही आयांनी आठवड्यातून पाच वेळा एक ठरावीक चाल लावली. त्यांच्या बाळांच्या मेंदूनं जन्मल्यावर आणि पुन्हा चार महिन्यांनीही ती चाल ओळखल्याचं दिसलं. पण ओळखणं वेगळं आणि बुद्धी वाढणं वेगळं. बुद्धी वाढल्याचा पुरावा त्यात नाही.

मग हे बुद्धीचं खूळ आलं कुठून? १९९३ साली अमेरिकेत ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचं संगीत ऐकवलं आणि लगेच आकृत्यांची कोडी दिली. ती त्यांनी थोडी बरी सोडवली, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्या प्रयोगात एकही बाळ नव्हतं. तरी १९९८मध्ये तिथल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी देण्यासाठी पैसे मागितले, आणि तिथून धंदा सुरू झाला. पुढच्या संशोधकांनी ताडून पाहिलं तेव्हा निघालं ते एवढंच: मनाला तरतरी देणारं काहीही ऐकलं की माणूस काही वेळ जरा चलाख होतो.

हेडफोनला आमचा विरोध आहे तो आणखी एका कारणानं. पोटावर टेकवलेल्या स्पीकरचा आवाज आत किती डेसिबलनं पोचतोय, हे तुम्हाला घरी मोजता येत नाही. बाहेरून 'हळू' वाटतो म्हणून आपण वाढवत नेतो, आणि बाळाला तिथून बाजूला सरकता येत नाही. हरिपाठ, ओवी, सिनेमातलं गाणं, जे तुम्हाला येतं ते रोज बोलण्याच्या आवाजात म्हणा. खोलीत गाणं लावायचंच असेल, तर शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल इतकंच लावा.

पाच महिन्यांची नात. मी पाळणा म्हटला की गप्प होते. तोच पाळणा पोरानं मोबाइलवर लावला तर अजून जोरात रडते. माझा गळा काही चांगला नाही, मोबाइलवरची बाई किती सुरात गाते! असं का?
— आज्जी, औसा (जि. लातूर)

आज्जी, तुमच्या नातीच्या मेंदूसाठी तो 'तोच पाळणा' नाहीच.

सहा महिन्यांच्या बाळांना आठवडाभर एकच चाल ऐकवून मग तपासलं, तेव्हा असं दिसलं की चाल तीच ठेवून लय बदलली किंवा वाद्य बदललं, तर बाळांना ती ओळखीची वाटेना. उलट पट्टी वर किंवा खाली नेली, तर ओळख टिकली. या वयात बाळाला सुरांमधलं अंतर, लय आणि आवाजाचा पोत धरून ठेवता येतो. गाणं नेमक्या कुठल्या पट्टीत होतं याचं त्याला काही नसतं. आता मोबाइलवरचा पाळणा आठवा. मागे कीबोर्ड, ढोलकी, वर एक बासरी, आणि लय तुमच्यापेक्षा दीडपट. शिवाय मोबाइलचा बारका स्पीकर खालचे सूर गाळून टाकतो, त्यामुळे आवाज किरटा होतो. नातीला ओळखीचं काहीच सापडत नाही. तुमची पट्टी सकाळी एक आणि रात्री एक असेल, तर त्यानं तिचं काही अडत नाही.

दुसरं असं, की तुम्ही गाताना तिच्याकडे बघता. दोन आणि सहा महिन्यांच्या बाळांची नजर टिपून केलेल्या २०२२च्या अभ्यासात दिसलं, की गाणाऱ्या बाईच्या डोळ्यांकडे बाळं अधिक बघतात ती नेमकी ठेक्याच्या जागी. गाणारी व्यक्ती समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, नकळत डोळे मोठे करते, भुवया उचलते, आणि बाळ ते हेरतं. लेकरू कुरकुरलं की तुम्ही लय उतरवता, डोळे जड झाले की आवाज खाली आणता. हे मोबाइलला कसं जमावं?

रेकॉर्डिंग अगदीच निकामी आहे, असंही म्हणता येणार नाही. माँट्रियलच्या एका अभ्यासात सात ते दहा महिन्यांच्या बाळांना अनोळखी तुर्की भाषेतलं गाणं ध्वनिमुद्रित ऐकवलं, तर ती सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली. नुसतं बोलणं ऐकवलं तर चार मिनिटांच्या आसपास. त्यामुळे तुम्ही चार दिवस गावाला जाणार असाल, तर तुमचाच पाळणा पोराच्या मोबाइलवर भरून ठेवा. पंखा बंद करा, मोबाइल तोंडापासून हातभर लांब धरा, आणि झोळी हलवताना जी लय असते त्याच लयीत म्हणा. लावताना मोबाइल झोळीत टाकू नका. बाळाच्या डोक्यापासून कमीत कमी दोन मीटरवर ठेवा आणि पडदा खाली करा.

चौदा महिन्यांचा मुलगा हलगी वाजली की उड्या मारतो, पण ठेक्यात नाही. त्याच्या वडिलांचं म्हणणं, याला ताल नाही. आत्तापासून सवय लावावी का?
— आई, कळमनुरी (जि. हिंगोली)

ताल त्याच्या मेंदूत आहे, पायांत अजून यायचाय.

२००९ साली एका अभ्यासात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांच्या डोक्याला तारा लावून त्यांना ड्रमचा ठेका ऐकवला. मधूनच पहिली मात्रा गाळली, म्हणजे आपल्या भाषेत सम. मेंदूच्या लहरींनी तिथे दचकल्यासारखा प्रतिसाद दिला. दुसरी एखादी बिनमहत्त्वाची मात्रा गाळली, तर तसं झालं नाही. म्हणजे समेची वाट बघणं हे चालता येण्याच्या वर्षभर आधीपासून असतं. मात्र हातपाय त्या ठेक्याला जोडायला वेळ लागतो. पाच महिने ते दोन वर्षं वयाच्या मुलांची हालचाल मोजली तेव्हा दिसलं, की संगीत लागलं की ती डोलतात, लय जलद झाली की जलद डोलतात, पण ठेक्यावर नेमकी पडत नाहीत. ते बहुधा चौथ्या वर्षाच्या आसपास जमू लागतं.

सवय लावायचीच, तर त्याला मांडीवर घेऊन उडवा. सात महिन्यांच्या बाळांवर केलेला एक सुंदर प्रयोग आहे. एकच ठेका, त्यात कुठल्याच मात्रेवर जोर नाही. काही बाळांना दर दुसऱ्या मात्रेला उडवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर दोन्ही तऱ्हेचे जोर दिलेले ठेके ऐकवले, तेव्हा प्रत्येक बाळानं आपण ज्या गणतीनं उडालो तोच ठेका जास्त वेळ ऐकला. नुसतं दुसऱ्याला उडताना पाहिलेल्या बाळांत हे दिसलं नाही. ठेका समजायला अंग हलावं लागतं ते असं.

घरी करायचं ते असं. मुलाला समोर तोंड करून मांडीवर बसवा, दोन्ही हातांनी काखेखाली धरा. (मान न धरणाऱ्या बाळाला असं उडवू नका, त्याला छातीशी धरून नुसतं डोलवा.) आधी चार-चारच्या गणतीनं केरव्यासारखं म्हणा आणि फक्त 'एक'वर उचला. पाचेक मिनिटं झाली की थांबा. दुसऱ्या दिवशी तीन-तीनच्या गणतीनं दादरा: 'धा धी ना, धा ती ना', दोन्ही 'धा'वर उचल. दोन्ही एकाच बैठकीत मिसळू नका. लय मिनिटाला १२० ते १५० मात्रांची ठेवा. मोठ्या माणसाला मिनिटाला शंभराच्या आसपासची लय सोयीची असते, लहानांची आपसूक लय त्याहून बरीच जलद. घरोघरी चुकतं ते इथेच: बाप आपल्या लयीत टाळी धरतो आणि लेकरू 'बेताल' ठरतं.

दुसरी चूक म्हणजे मुलाचे हात पकडून टाळ्या वाजवायला लावणं. त्यात हालचाल तुमची असते, त्याच्या मेंदूला ठरवायला काही उरत नाही. त्यापेक्षा त्याला उलटं पातेलं आणि लाकडी चमचा द्या, तो जी लय धरेल तीत तुम्ही सामील व्हा, आणि दहा-बारा ठोक्यांनी आपली लय किंचित सरकवून बघा. यंत्रासोबत वाजवण्यापेक्षा समोर बसलेल्या माणसासोबत वाजवताना लहान मुलांची लय जास्त जुळते. अडीच वर्षांच्या मुलांतही हा फरक दिसतो.

मुलगी अडीच वर्षांची. एकच गाणं दिवसातून वीसदा लावायला सांगते. डोकं उठतं. बदलू का?
— वडील, छत्रपती संभाजीनगर

ती कंटाळेपर्यंत बदलू नका. पुढं काय येणार याचा अंदाज बांधायचा आणि तो बरोबर निघालेला ऐकायचा, हेच तिचं काम चाललंय, आणि मेंदूला त्यात बक्षीस मिळतं. तुमचं डोकं वाचवायचं असेल तर गाणं लावण्याऐवजी तुम्ही म्हणा आणि ओळीचा शेवटचा शब्द गाळा. ती तो भरेल. चार दिवसांनी अर्धी ओळ गाळा. आठवड्यात ती स्वतः म्हणू लागते आणि मोबाइलची मागणी उतरते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते पाच वयाला दिवसाला तासाच्या आत, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. गाण्याचा व्हिडिओही त्या तासातच मोजायचा.

आम्ही बंजारा. घरी गोरमाटी बोलतो, बायकांची गाणी वेगळ्या चालीची. अंगणवाडीत मराठी गाणी, शेजारी कव्वाली. एवढ्या तऱ्हेचं ऐकून लेकरू गोंधळणार नाही ना?
— किनवट (जि. नांदेड)

गोंधळणार नाही, उलट त्याच्या पथ्यावरच पडेल. सहा महिन्यांचं बाळ जगातला कुठलाही ताल सारखाच पकडतं. अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन देशांतल्या सात मात्रांच्या ठेक्यातली चूक सहाव्या महिन्यात कळत होती. बाराव्या महिन्यापर्यंत घरात जे ऐकलं तेवढंच नीट कळू लागलं, बाकीचं निसटलं. मजा अशी, की वर्षाच्या बाळांना तसलं संगीत रोज दहा-दहा मिनिटं दोनदा, असं दोन आठवडे ऐकवल्यावर ती जाण परत आली. मोठ्यांना तेवढं ऐकवून ती आली नाही. आपल्या रूपक तालाच्याही सात मात्रा, तीन-दोन-दोन अशा. ज्या घरात असे ठेके वाजतात, तिथल्या लेकराला ते अवघड आहेत हे कुणी सांगावं लागतं! पहिल्या वर्षात गोरमाटी गाणी थांबवू नका, एवढंच. शाळेसाठी म्हणून घरची गाणी बंद करायचा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नका.

आमच्या अंगणवाडीत तीन ते सहा वयाची बावीस लेकरं आहेत. गाणं म्हणायला सांगितलं की नुसती ओरडतात, सुरात एक येत नाही. पेटी मिळाली तर फरक पडेल का?
— अंगणवाडी सेविका, गंगाखेड तालुका (जि. परभणी)

ताई, पेटीचं नंतर बघू. आधी पट्टी तपासा, दहांतल्या नऊ ठिकाणी घोटाळा तिथेच असतो.

या वयाच्या मुलांचा सोयीचा पल्ला फार लहान: साधारण २९४ ते ४४० हर्ट्झ. पेटीच्या भाषेत पांढरी दोन ते पांढरी सहा, म्हणजे पांढरी दोनला सा धरला तर सा ते प. बस्स. न शिकलेल्या बाईचा गाण्याचा सा बहुधा काळी चार-काळी पाचच्या आसपास, म्हणजे २०८ ते २३३ हर्ट्झवर असतो. तुमचा सा-रे-ग मुलांच्या गळ्याच्या तळाखाली जातो. तिथे त्यांचा आवाज लागतच नाही, मग ती बोलण्याच्या आवाजात पुटपुटतात. तेवढ्यात आपण म्हणतो, "जोरात म्हणा!" झालं. जोर लावला की मूल छातीतून ओरडतं आणि सूर धरायचा गळा बंद होतो. 'जोरात' हा शब्द वर्गातून काढून टाका. 'ताईला ऐकू येईल एवढंच' म्हणा.

मोबाइलवर फुकटचं ट्यूनर अॅप टाका, 'आ' म्हणा, आकडा बघा. २९० ते ३०० दाखवलं की तो तुमचा सा. दोन-चार दिवस तुम्हाला चढा वाटेल. पुरुष शिक्षक असतील तर अडचण आणखी मोठी, कारण त्यांचा सूर एक सप्तक खाली पडतो आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला तो आपल्या सप्तकात उचलून घेता येत नाही. अशा वेळी सुरात गाणाऱ्या एखाद्या मोठ्या मुलीला पुढं करा. पेटीपेक्षा माणसाचा आवाज, त्यातही बाईचा किंवा मुलाचा, लेकरांना सहज उचलता येतो. भात्याची पेटी बावीस मुलांच्या गलक्यावर मात करण्यासाठी जोरात वाजवावी लागते आणि मग मुलांना स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही.

शिकण्याचा क्रमही ध्यानात असू द्या. मूल गाण्यातले शब्द आधी पकडतं, मग ठेका, मग चालीची वर-खाली वळणं, आणि नेमके सूर सगळ्यांत शेवटी. एका गाण्यात सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच सा टिकवणं बहुतेकांना पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत जमत नाही. तीन वर्षांचं लेकरू सुरात नाही ही तक्रार नव्हे, ते वयच तसं.

गाणी निवडताना आपल्याकडे खजिना आहे. जात्यावरच्या ओव्या चार-पाच सुरांत फिरतात आणि तीच चाल प्रत्येक ओवीला येते. मुलांच्या पल्ल्यात त्या बरोबर बसतात. आराधी मंडळींच्या गाण्यात किंवा भारुडात एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, ती पद्धत बालवर्गाला फार सोयीची, कारण मुलाला उत्तर द्यायच्या आधी सूर ताजा ऐकायला मिळतो. सिनेमातली गाणी दीड-दीड सप्तक धावतात; ती नाचायला ठेवा, म्हणायला नको.

बैठक पंधरा मिनिटांची पुरे. गोलात बसवा. पहिल्या दिवशी नवं गाणं तुम्ही एकट्यानं तीनदा म्हणा, मुलांनी फक्त ऐकायचं आणि दोन्ही हातांनी मांडीवर ठेका धरायचा. टाळी नको: लहानांना दोन हात हवेत नेमके जुळवणं अवघड जातं, आणि बावीस टाळ्यांत गाणं बुडतं. दुसऱ्या दिवशी ओळीचा शेवटचा शब्द मुलांनी भरायचा. तिसऱ्या दिवशी चार मात्रांचा तुकडा तुम्ही, तोच तुकडा मुलं. पूर्ण गाणं चौथ्या-पाचव्या दिवशी. मध्येच एखाद्याला 'तू बेसूर' म्हणून गप्प करू नका. तसं म्हटलेली मुलं पुढं गातच नाहीत. सूर हरवलेल्या मुलाला शेजारी बसवा, 'प'वरून 'ग'वर उतरत त्याच्या नावानं हाक मारा आणि तशीच हाक परत द्यायला सांगा. दोन सुरांचा हा खेळ बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच जमतो.

खुळखुळे घरी करता येतात. अर्ध्या लिटरच्या कोरड्या बाटलीत मूठभर ज्वारी, अर्ध्याच्या आत. झाकण एम-सीलनं पक्कं करा, नुसती चिकटपट्टी लेकरं दातानं काढतात आणि दाणा श्वासनळीत जायचा धोका राहतो. पितळी टाळ बंद खोलीत देऊ नका, कानाजवळ ते फार कर्कश वाजतात.

चार वर्षांच्या मुलाला कीबोर्ड क्लासला घातलं तर गणित सुधारतं का? क्लासवाले तसं सांगतात.
— नांदेड

गणितासाठी घालू नका. कॅनडात २००४ साली सहा वर्षांच्या १४४ मुलांवर झालेल्या प्रयोगात वर्षभर गाणं किंवा कीबोर्ड शिकलेल्यांचा बुद्ध्यांक नाटक शिकलेल्या किंवा काहीच न शिकलेल्या मुलांपेक्षा थोडासा जास्त वाढला, फरक तीनेक गुणांचा. चार वर्षांच्या मुलांवरच्या नंतरच्या प्रयोगांत तोही दिसला नाही. पक्कं सांगता येतं ते एवढंच: सहा वर्षांच्या मुलांनी पंधरा महिने कीबोर्ड शिकल्यावर मेंदूतले हाताच्या हालचालीचे आणि ऐकण्याचे भाग बदललेले दिसले, आणि ती बोटांच्या व सूर-ठेका ओळखण्याच्या कामात पुढं गेली. वाजवायला शिकलं की वाजवणं सुधारतं. आनंदासाठी घालायचं असेल, तर चौथ्या वर्षी गाणं आणि ठेका पुरे. वाद्य सहाव्या-सातव्या वर्षी. क्लास निवडताना एकच गोष्ट बघा: पहिल्या महिन्यात मुलं हलतात का, गातात का, की नुसती नोटेशन लिहितात?

लग्नाच्या वरातीत डीजेपुढं दहा महिन्यांचं बाळ घेऊन अर्धा तास उभे होतो. कानात कापूस घातला होता. काही झालं असेल का?
— उदगीर (जि. लातूर)

कापसानं आवाज जेमतेम काही डेसिबलनं उतरतो, तेही किनऱ्या आवाजांपुरता. डीजेच्या खर्जाला तो अडवत नाही. कारखान्यातल्या मोठ्या माणसासाठी हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९१ला दोन तास, १००ला पंधरा मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर शंभराच्या वर सहज जातं. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आठवड्याभराचा हिशेब त्याहून कडक आहे: ७५ डेसिबल, चाळीस तास. शिवाय बाळाची कानाची नळी आखूड, त्यामुळे किनरे आवाज तिच्यात अधिक घुमतात.

एका वेळी कायमचं नुकसान झालंच असेल असं नाही, पण श्रवणतज्ज्ञांकडून ओएई, म्हणजे आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी तपासणी, करून घ्या. बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते, सुई नाही, दुखत नाही. पुढच्या वेळी मुलांच्या मापाचे, डोक्यावरून कान पूर्ण झाकणारे इअरमफ वापरा. लहानांना कानात बसवायचे बोळे नकोत. आणि लांब उभे राहा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल उतरतात. दोन घरांच्या मधल्या अरुंद गल्लीत हा हिशेब लागू पडत नाही, भिंती आवाज परत फेकतात.

मुलगा बावीस महिन्यांचा. डीजे, हलगी लागली की नाचतो, ताट पडलं की दचकतो, म्हणून कान चांगले आहेत असं सगळे म्हणतात. पण 'आई'सुद्धा म्हणत नाही. आमचं लग्न नात्यातलं आहे.
— आई, माजलगाव (जि. बीड)

या अंकातलं सगळ्यांत तातडीचं पत्र हे. वाट बघू नका.

डीजे आणि हलगीचा आवाज कानाइतकाच जमिनीतून, छातीतून जाणवतो. पूर्ण बहिरं मूलही त्यावर नाचू शकतं. ताट पडल्याचा आवाज तर शंभराच्या घरात जातो, आणि पडताना ते दिसतंही. यातून बोलण्याच्या आवाजाबद्दल काहीच कळत नाही. अनेक मुलांना खालचे आवाज ऐकू येतात आणि वरचे येत नाहीत. त्यांना गाण्याचा ठेका कळतो, कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण स, श, त, फ हे हळू आणि वरचे आवाज निसटतात. शब्द तुटके ऐकू आले तर तोंडातून यायचे कसे? नात्यातल्या लग्नात जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते, तेव्हा तपासणी टाळायला काही कारणच नाही.

'मुलगे उशिरा बोलतात' हे वाक्य ऐकून कित्येक घरांत दोन-दोन वर्षं जातात. बहिरेपणाचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत अशी अपेक्षा असते, कारण मेंदूतला ऐकण्याचा भाग पहिल्या काही वर्षांत आवाज मिळाला तरच नीट घडतो. आवाज आला नाही, तर ती जागा मेंदू दुसऱ्या कामाला लावू लागतो.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. त्याची वाट न बघता आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ कानात मळ किंवा पडद्यामागे चिकट द्रव आहे का बघतील. सर्दीनंतर असा द्रव साचला, तर महिनोन्‌महिने कमी ऐकू येतं, आणि ते बरं होतं. कानात कोमट तेल ओतू नका. पडद्याला भोक असेल तर आत जाऊन दुखणं वाढतं. मग ओएई, आणि बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी. बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून जाण्याच्या दिवशी त्याला पहाटे लवकर उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका, नाही तर चक्कर फुकट जाते. लसीकरणाचं कार्ड आणि बाळंतपणाचे कागद बरोबर असू द्या. काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ किती होती, हे विचारतात. ऐकू कमी येत असल्याचं निघालं, तर श्रवणयंत्रासाठी आणि गरज पडल्यास कॉक्लियर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायचं यंत्र) सरकारी मदत असते. केंद्राची एडिप योजना त्यातलीच. इम्प्लांटला वयाची अट असते, म्हणून तारीख पुढं ढकलू नका.

तोवर गाणं थांबवू नका. टीव्ही बंद करा, हातभर अंतरावर त्याच्यासमोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर येऊ द्या. एका वेळी एकाच माणसानं म्हणायचं. त्याचा तळहात तुमच्या गळ्याखाली छातीवर ठेवा, आणि दोन ओळींचं एकच गाणं रोज त्याच वेळी म्हणा. तो कुठल्या सुराला मान वळवतो आणि कुठल्याला नाही, हे वहीत लिहून ठेवा आणि ती वही तपासणीला जाताना घेऊन जा.